तीन दिवसांना एक चाल : पत्रबुद्धिबळात धारदार ओपनिंग खेळताना

बुद्धिबळाच्या क्लासला जाणाऱ्या पोराला पहिल्या काही आठवड्यांतच एक सापळा कळतो. उंट सी४ वर, घोडा जी५ वर आणि दोघांचा डोळा एफ७ च्या प्याद्यावर. समोरचा गाफील असला की घोडा एफ७ वर जाऊन बसतो आणि वजीर-हत्ती एकदम कैचीत सापडतात. पाच मिनिटांच्या डावांत यावर किती गुण कमावले जातात याची गणती नाही. पण त्याच भरवशावर कुणी मोबाइलवर ‘तीन दिवसांना एक चाल’ असा डाव लावला तर पंधरवड्यात पंचाईत होते. समोरच्याकडे तीन दिवस असतात, पुस्तकं असतात, लाखो डावांचा डेटाबेस असतो. तो गाफील सापडत नाही.

म्हणून धारदार ओपनिंग पत्राने खेळूच नये असं मी म्हणणार नाही. उलट तिथेच ती खरी खुलते. फक्त दचकवण्याचा फायदा तिथे शून्य असतो आणि सगळी मदार हिशेबावर येते. हा हिशेब कुठपर्यंत न्यायचा, तिथेच बहुतेक जण चुकतात. पटावर सगळ्यात जास्त धुमश्चक्री दिसते तिथे ते थांबतात, ‘आता माझा हल्ला आहे’ म्हणतात आणि चाल पाठवतात. हिशेब धुमश्चक्री शमेपर्यंत, पटावर मोजकी मोहरी उरेपर्यंत न्यायचा असतो. हे कसं करायचं ते पाहायला एकच डाव पुरेसा आहे. मोबाइल बाजूला ठेवा आणि खरा पट मांडा.

डाव आहे याकोव्ह एस्ट्रिन विरुद्ध हान्स बर्लिनर. पाचवी जागतिक पत्रबुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा, १९६५ ते १९६८. पांढरी मोहरी मॉस्कोच्या एस्ट्रिनकडे, काळी अमेरिकेत राहणाऱ्या बर्लिनरकडे. बर्लिनरचा जन्म १९२९ चा, बर्लिनमधला. १९३७ मध्ये कुटुंब अमेरिकेला गेलं. या स्पर्धेत त्याने १६ डावांत १४ गुण मिळवले, १२ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. दुसऱ्या क्रमांकाशी अंतर होतं तीन गुणांचं. आणि हा डाव? अमेरिकी ग्रँडमास्टर अँड्र्यू सॉल्टिसने विसाव्या शतकातल्या शंभर सर्वोत्तम डावांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला क्रमांक याला दिला. अशा क्रमवाऱ्यांना मी फार महत्त्व देत नाही, पण या निवडीशी भांडावंसं वाटत नाही.

पहिल्या चौदा चाली मांडून घ्या. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. नुसतं घर लिहिलं असेल तर प्यादं.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६ ४. घो-जी५ डी५ ५. ई×डी५ बी५ ६. उं-एफ१ घो-डी४ ७. सी३ घो×डी५ ८. घो-ई४ व-एच४ ९. घो-जी३ उं-जी४ १०. एफ३ ई४ ११. सी×डी४ उं-डी६ १२. उं×बी५ शह, रा-डी८ १३. किल्लेकोट ई×एफ३ १४. ह×एफ३.

हा टू नाइट्स डिफेन्स. त्यातली ही लाईन जर्मन खेळाडू अलेक्झांडर फ्रिट्झ यांच्या नावाने ओळखली जाते; त्या नावाच्या सॉफ्टवेअरशी तिचा संबंध नाही. पटाकडे नीट बघा. काळ्याचा राजा डी८ वर उघडा पडलाय, किल्लेकोट गेला. पांढऱ्याकडे एक मोहरा आणि वर एक प्यादं जास्त आहे. बदल्यात काळ्याचा वजीर, दोन्ही उंट आणि घोडा पांढऱ्याच्या राजाभोवती जमलेत, आणि पांढऱ्याचा वजीराकडचा हत्ती, घोडा व उंट अजून घरातून हललेलेच नाहीत.

इथे पहिली शिकवण, आणि ती पटावरची नाही, निवडीची आहे. एस्ट्रिन हा टू नाइट्सचा जगातला मोठा जाणकार, त्यावर आख्खं पुस्तक लिहिलेला माणूस. पुढे १९७० च्या दशकात तो स्वतः पत्रबुद्धिबळाचा विश्वविजेता झाला. शहाणा माणूस म्हणेल, त्याच्या अंगणात कशाला शिरायचं? बर्लिनर शिरला, कारण जाणकाराचं एक असतं: तो काय खेळणार हे ठाऊक असतं. एस्ट्रिन चौथ्या चालीला घोडा जी५ वर आणणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. म्हणजे तयारी नेमक्या एका रस्त्यावर ओतता येत होती. तुम्हीही ओपनिंग निवडताना ‘किती धारदार’ हे नंतर बघा. आधी हे बघा, की समोरचा तुम्हाला हव्या त्या जागेपर्यंत येईल का. आता तर प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव अॅपवर उघडे पडलेले असतात. दहा-वीस डाव चाळले की सवयी कळतात.

आणि केवळ अचंब्यावर जगणारे गँबिट या प्रकारात टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. लॅटव्हियन गँबिट ब्लिट्झमध्ये मजा आणते. तीन दिवस आणि पुस्तकांचं कपाट हाताशी असलेल्या माणसापुढे मात्र ती हळूहळू, रीतसर हरते. डेटाबेसमध्ये तिची जिंकण्याची टक्केवारी गोड दिसेल. ते डाव कुणी, किती मिनिटांत खेळले हे तपासल्याशिवाय त्या टक्क्यांवर जाऊ नका.

आता चौदावी चाल. पांढऱ्याचा हत्ती एफ३ वर काळ्याच्या उंटाच्या तोंडात आहे. शंभरातले नव्याण्णव जण तो लगेच मारतील. मारला की पांढरा वजीराने परत मारतो, आणि तो वजीर एफ३ वर बसून एकाच वेळी डी५ चा घोडा आणि एफ७ चं प्यादं बघू लागतो. बर्लिनरने हत्ती तसाच सोडला आणि स्वतःचा हत्ती बी८ वर आणला. त्याने बी५ च्या उंटावर दम भरला, इतकंच. एस्ट्रिनने उंट ई२ वर मागे घेतला. आता काळ्याने एफ३ वर मारलं, तेव्हा परत मारायला तोच उंट पुढे आला आणि पांढरा वजीर डी१ वरच अडकून राहिला. हत्ती एका चालीने उशिरा मारला, पण मधल्या वेळात पांढऱ्याचं चुकीचं मोहरं चुकीच्या घरी आलं.

अशी चाल सुचत नाही, ती काढावी लागते. कशी, याचं उत्तर बर्लिनरच्याच दुसऱ्या आयुष्यात सापडतं. पुढे तो कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ झाला. त्याच्या बॅकगॅमन प्रोग्रामने १९७९ मध्ये त्या वेळच्या विश्वविजेत्याला हरवलं. त्याचं हायटेक हे बुद्धिबळाचं यंत्र १९८८ मध्ये ग्रँडमास्टर अरनॉल्ड डेंकरविरुद्धचा सामना जिंकलं. १९७९ मध्येच त्याने ‘बी-स्टार’ नावाची एक शोधपद्धत मांडली. तिचं तत्त्व वहीत उतरवण्यासारखं आहे. प्रत्येक चालीला एक किंमत न देता दोन द्यायच्या: सगळं मनासारखं झालं तर किती, आणि समोरचा उत्तम खेळला तर किती. मग शोध कुठे थांबवायचा? एका चालीची वाईटातली वाईट किंमत बाकीच्या सगळ्या चालींच्या चांगल्यातल्या चांगल्या किमतीइतकी किंवा वर गेली की.

हे आपल्या कामाचं कसं, ते बघा. धारदार स्थितीत आपण एका आवडत्या चालीची फक्त चांगली किंमत काढतो. त्यागानंतर पाच चालींत मात दिसते, आपण खूश. बाकीच्या चालींना तेवढी संधीही देत नाही. वहीत प्रत्येक उमेदवार चालीपुढे दोन रकाने काढा. आकडे नकोत, ‘मात’, ‘एक प्यादं वर, एंडिंग बरं’, ‘बरोबरी’, ‘हरलो’ असं साध्या भाषेत लिहा. डाव्या रकान्यात ‘मात’ आणि उजव्यात ‘हरलो’ असेल तर ती चाल अजून पिकलेली नाही. दोन्ही रकाने एकमेकांजवळ येईपर्यंत खोदत राहायचं. सगळ्या चालींना सारखा वेळही द्यायचा नाही. ज्या चालीचे रकाने एकमेकांपासून लांब आहेत तिकडे दिवस घाला. समोरच्याचं उत्तर सक्तीचं असेल तिथे पाच मिनिटंसुद्धा पुष्कळ झाली.

पुढे चला. १५. उं-ई२ उं×एफ३ १६. उं×एफ३ व×डी४ शह १७. रा-एच१ उं×जी३ १८. एच×जी३ ह-बी६.

इथे थांबा आणि पाच मिनिटं बघा. पांढऱ्याने नुकतंच एच प्याद्याने मारलंय, म्हणजे त्याच्या राजापुढची एच रांग उघडी. काळ्याचा वजीर डी४ वरून जी१ बघतोय, राजाला तिकडे सरकता येत नाही. बी६ चा हत्ती सहाव्या ओळीवरून सरळ एच६ ला जाऊन शह देणार, ही धमकी. पांढऱ्याने डी३ खेळलं. साधी प्याद्याची चाल, पण अर्थ आहे: सी१ च्या उंटाची वाट मोकळी झाली आणि तो थेट एच६ बघायला लागला. हत्ती तिकडे गेला तर उंट मारेल. बर्लिनरचं उत्तर: १९... घो-ई३! घोडा पांढऱ्या वजीरावर दम भरतो आणि त्याच वेळी उंटाच्या वाटेत आडवा उभा राहतो. पांढऱ्याला तो मारावाच लागतो, आणि मारायला तोच उंट आहे. २०. उं×ई३ व×ई३. घोडा गेला, पण एच६ राखणारा उंटही पटावरून गेला आणि धमकी परत उभी. धमकी अडवणाऱ्या मोहऱ्याला ओढून घ्यायचं आणि बदली करून संपवायचं: धारदार डावांत शोधायची गोष्ट ही.

२१. उं-जी४ एच५ २२. उं-एच३ जी५ २३. घो-डी२ जी४ २४. घो-सी४.

पांढऱ्याचा घोडा अखेर जागा झाला आणि वजीर-हत्तीला एकदम फोर्क लावून बसला. इथे अनेकांचा विश्लेषणाचा धागा तुटतो. ‘अरेरे, फोर्क’ म्हणून आधीचीच लाईन खोडून टाकतात. वहीत फोर्कपाशी रेघ मारू नका, फोर्कनंतरची एक चाल सक्तीने बघा. २४... व×जी३ २५. घो×बी६ जी×एच३. काळ्याने हत्ती सोडून दिला, आता जी२ वर मात येतेय. २६. व-एफ३ एच×जी२ शह २७. व×जी२ व×जी२ शह २८. रा×जी२ सी×बी६.

आणि गोंगाट संपला. पटावर दोन्हीकडे एकेक हत्ती. पांढऱ्याची प्यादी ए२, बी२, डी३. काळ्याची ए७, बी६, एफ७, एच५. एवढा आटापिटा करून हाती एक प्यादं. सामान्य विश्लेषक इथे वहीत ‘काळा बरा’ लिहून मोकळा होईल. पण हत्तीचं एंडिंग एका प्याद्याने जिंकता येतंच असं नाही, हे कुणीही सांगेल. माझ्या मते डावाचा सर्वात भारी भाग इथे सुरू होतो.

२९. ह-एफ१ रा-ई७ ३०. ह-ई१ शह. एफ७ चं प्यादं राखायचं तर राजा एफ८ ला किंवा एफ६ ला जावा. तो गेला डी६ ला! ३१. ह-एफ१ ह-सी८. घ्या ते प्यादं. ३२. ह×एफ७ ह-सी७. आता पांढऱ्याने हत्तींची अदलाबदल केली तर प्यादी तीन-तीन, पण त्याच्या राजाला काळ्याच्या एच प्याद्यामागे पळावं लागतं आणि तेवढ्यात काळा राजा डी३ खाऊन ए-बी प्याद्यांवर तुटून पडतो. म्हणून ३३. ह-एफ२ रा-ई५ ३४. ए४ रा-डी४ ३५. ए५ रा×डी३ ३६. ह-एफ३ शह, रा-सी२ ३७. बी४ बी५! बी६ वरून ए५ मारता येत होतं. मारलं नाही, कारण बी प्यादं पुढे धावायला हवंय. ३८. ए६ ह-सी४ ३९. ह-एफ७ ह×बी४ ४०. ह-बी७ ह-जी४ शह ४१. रा-एफ३ बी४ ४२. ह×ए७ बी३, आणि पांढऱ्याने डाव सोडला. पांढऱ्याचं ए प्यादं धावलं तर जी४ चा हत्ती ए४ वर येऊन त्याला मागून धरतो. काळ्याचं बी प्यादं मात्र कुणाला ऐकत नाही.

एक प्यादं वर असताना एक प्यादं सोडून राजा पुढे नेण्याची ही कल्पना अठ्ठाविसाव्या चालीनंतर पहिल्यांदा डोक्यात येऊन चालत नाही. एंडिंग जिंकता येतं की नाही यावर आधीच्या पाच-दहा चालींची निवड अवलंबून असते. म्हणून धारदार लाईन तयार करताना तिच्या शेवटी उरणाऱ्या एंडिंगची एक छोटी फाइल ठेवा. दोन हत्ती, विस्कळित प्यादी, राजा मध्यभागी. असे चार-पाच नमुने हाताशी असले की ‘काळा बरा’ या मोघम शेऱ्याच्या जागी काहीतरी ठोस लिहिता येतं.

आता कारकुनी. हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्यातच गुण जातात.

चाल ठरली तरी लगेच पाठवू नका. वहीत लिहा, रात्र जाऊ द्या, सकाळी खऱ्या पटावर मोहरी मांडून पुन्हा बघा. स्क्रीनवर मागे-पुढे करताना आपण कुठल्या स्थितीत आहोत याचा विसर पडतो आणि विश्लेषणातली तिसरी चाल पहिली म्हणून पाठवली जाते. अॅपमध्ये ‘चाल पक्की करा’ अशी सोय असते, ती चालू ठेवा. पोस्टकार्डाच्या काळात तर जे लिहिलं ते खेळलं, असा मामला होता. भाषांचा घोळ होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय डावांत घरांना आकडे असत: ई२ वरून ई४ म्हणजे ५२५४, पांढऱ्याचा छोटा किल्लेकोट म्हणजे ५१७१. एक आकडा चुकला की संपलं.

सशर्त चाली वापरा, वेळ वाचतो. ‘तुम्ही मारलंत तर मी मारतो’ हे आधीच नोंदवून ठेवता येतं. पण ‘तुम्ही काहीही खेळा, मी हे खेळतो’ असं कधीही देऊ नका. पत्रबुद्धिबळातली जुनी गोष्ट आहे: पांढऱ्याने ई४ खेळलं, काळ्याने लिहिलं, बी६, आणि तुमची दुसरी चाल कोणतीही असो, माझा उंट बी७. पांढऱ्याने शांतपणे उंट ए६ वर ठेवला. काळ्याचा उंट बी७ वर आला, मारला गेला आणि कोपऱ्यातला हत्ती आयताच हाताशी आला.

डाव किती लावायचे? धारदार ओपनिंगचे असतील तर एका वेळी दोन-तीनच. अॅपवर वीस डाव सहज सुरू होतात आणि मग तीन दिवसांची चाल चहाच्या कपाबरोबर खेळली जाते. तसं असेल तर ब्लिट्झ बरं.

इंजिनचा नियम स्पर्धेगणिक वेगळा आहे, तो आधी वाचा. आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ महासंघाच्या सर्व्हरवर इंजिन वापरायला मुभा आहे. तिथे साधारणपणे दहा चालींना पन्नास दिवस मिळतात आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. रोजच्या अॅपवरच्या संथ डावांत मात्र पुस्तकं आणि ओपनिंगचा डेटाबेस चालतो, इंजिन चालत नाही. वापरलंत तर खातं बंद होतं. नवशिक्याने दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी, कारण तिथे विचार तुमचाच राहतो.

डाव संपल्यावर मात्र इंजिन जरूर लावा, पण वही समोर ठेवून. तुमचे दोन रकाने आणि इंजिनचा आकडा यांत सगळ्यात मोठी तफावत ज्या चालीला पडते, पुढचा महिना तिच्यावरच घालवा. वर दिलेला डावही इंजिनमध्ये टाकून बघा. ओपनिंगच्याच टप्प्यात ते पांढऱ्यासाठी यापेक्षा चांगल्या चाली दाखवतं आणि फ्रिट्झच्या लाईनकडे एकूण थोडं नाक मुरडतं. पण बी८ वरच्या त्या हत्तीपासून सुरुवात करा. इंजिनचं उत्तर यायच्या आत उजवा रकाना स्वतः भरता येतो का, ते बघा.